माया

चौबाऱ्यात शहेनाजबीनं टेप न लावताच ओळखलं.
"कित्ते साल हुए, दीदी?"
सात.

हैदराबादहून पोट शिवून आले तेव्हा
तोंडात टाचण्या धरून
हिनंच सगळे ब्लाउज आवळले होते.
त्या येळवशीला मी आंबिलाचे दोन घोट प्याले
आणि सबंध शिवारात मिरवले.

आता वजनकाटा पलंगाखाली, त्यावर जुनी वाकळ.
डॉक्टरांचा फोन उचलत नाही.

ती ब्लाउज उलटा करते,
ब्लेडनं टीप उसवत जाते.
आतून निघतं दोन बोटं कापड,
जांभळं, जसंच्या तसं,
ऊन न लागलेलं.

"हे कापलं नव्हतंस?"
"माया कायकू काटूं?"
दोरा दातानं तोडते.
"सोमवार कू आव."

उदगीरच्या उन्हात, पानटपरीच्या सावलीला थांबून
हैदराबादचा नंबर लावते.
रिंग जातेय.