चार विसा

मेट्रोच्या तोंडाशी, उताराला,
नाझीब्रोला कोथिंबीर मांडते
उलट्या क्रेटवर, ओल्या गोणपाटाखाली.
शेजारी गोचा : जुने नळ, कुलपं,
एकाच पायाचा बूट.
दिवे लागले की माल जरा बरा दिसतो,
असं तोच म्हणतो.

तिबिलिसीत पहिला महिना मी बोटांनीच भाव केला.
मग कळलं, ऐंशीला ही बाई
चार विसा म्हणते,
आमच्याकडची अंडीवाली म्हणायची तशी.

आज म्हणाली, बस जरा,
आणि पाय ओढत औषधाच्या दुकानात गेली.
स्टूल अजून गरम होतं.
कामावरून सुटलेली माणसं वर येत राहिली,
बोगद्यातली ऊब कोटात घेऊन.
एकीनं जुडी उचलली, हुंगली,
माझ्याकडे न बघताच विचारलं, केवढ्याला?

ओत्खमोत्सी, म्हणाले मी.
चार विसा.

तिनं नाणी ठेवली नि गेली.
कुठली तू, इथं कशी, थंडी सोसते का,
काही नाही.

गोचा नळ पुसत होता.
अंधार पडला की तीनच विसा घेतात, म्हणाला,
आता तिला सांगू नकोस.