इतिवृत्त

सकाळी साडेदहा. कलिना, दुसरा मजला.
एसी असा की शालीशिवाय बसवत नाही.
पद एक, सहयोगी प्राध्यापक, इतिहास.
अर्ज एकोणीस, हजर सात,
आणि मी, इतिवृत्त लिहिणारी,
कोपऱ्यातल्या खुर्चीत, जिचा एक हात मोडलाय.

पाचव्या उमेदवार डॉ. शैलजा हुक्केरी.
विषय राष्ट्रवाद आणि फुटीरता.
फाईल उघडायच्या आधीच गद्रेसर म्हणाले,
हुक्केरी? म्हणजे कानडी?
ती म्हणाली, घरात कानडी, बाजारात मराठी,
भांडताना जी आधी सापडेल ती.
कुणी हसलं नाही. मी हसले, वहीत बघून.
लिहिलं: उमेदवाराने स्वतःचा परिचय करून दिला.

डोक्यावरून विमान गेलं.
इथे प्रत्येक वाक्य असं मध्येच थांबतं,
सवयीनं सगळे गप्प.
मग कुलपतींच्या प्रतिनिधींनी चष्मा पुसत विचारलं,
एका शब्दात सांगा बाई,
वेगळं व्हायचंय म्हणणारा देशद्रोही, की नाही?

मी तसं विचारत नाही, सर.
मी याद्या वाचते.
वेगळं होताना लोक आधी घोषणा देतात
आणि मग कपाटं मोजतात.
एका तालुक्याची कचेरी दोन राज्यांत वाटली गेली,
तिची सदतीस पानं मला गोदामात मिळाली, वाळवीनं चाळलेली.
टेबलं चौदा, पैकी पाय मोडलेली तीन,
दौती, सतरंज्या, शिपायाची छत्री.
घंटा एक.
घंटेवरून अकरा महिने पत्रव्यवहार,
शेवटी घंटा इकडे, तिची लाकडी मोगरी तिकडे.

आणि यात राष्ट्र कुठे आलं? गद्रेसर.
मोगरीत, ती म्हणाली.

माझं पेन तिथे थांबलं.
आमच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत
नऊ वर्षांपूर्वी प्लायवूड उभं राहिलं.
नळ आमच्याकडे, खिडकी दिरांकडे.
यादी मीच केली होती, माझं अक्षर चांगलं म्हणून,
दोन प्रतींत, कार्बन घालून.
पुरणयंत्र जाऊबाईंना गेलं.
त्याची बारीक जाळी अजून माझ्या फडताळात आहे.
होळीला त्या काय करतात, ठाऊक नाही.
खोकतात ते मात्र ऐकू येतं,
कधीकधी रात्रभर.

लिहिलं: विषयाच्या अनुषंगाने प्रश्न विचारण्यात आले.

ती उठली, खुर्ची आत सारली,
दारापाशी येऊन माझ्याकडे वळली.
ताई, ही वही तुम्ही किती वर्षं ठेवता?
पाच, मी म्हटलं. मग लगदा.
तिनं मान हलवली, जणू कुणी गेल्याचं कळलं.

दुपारी मतं पडली. एक म्हणाले, हुशार आहे.
दुसरे म्हणाले, तेच तर.
लिफाफा माझ्यासमोर लाखेनं बंद झाला,
लाखेचा एक थेंब माझ्या बोटावर.
आत काय आहे ते मला माहीत आहे
आणि इथे मी ते लिहिणार नाही.

संध्याकाळी सह्या झाल्यावर
सगळे गाड्यांकडे गेले.
मी शेवटच्या पानावर, सह्यांच्या खाली,
कुणी सांगितलं नसताना,
बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली:
खुर्च्या नऊ, पैकी हात मोडलेली एक.