चार हाका

खोली क्रमांक ११४. पूर्वी इथे शिवणकाम शिकवायचे,
भिंतीवर अजून इंचपट्टीची खूण आहे.
तिच्याखाली बँकेने दान दिलेला स्विच,
स्टिकर कुणीतरी खरवडलं आणि अर्ध्यावर कंटाळलं.

मंगळवार, गुरुवार, सहा ते पावणेदहा.
फी सरकार भरतं, कारण काचेचा कारखाना
ओहायोतून उठून गेला,
आणि उठताना ज्यांना मागे ठेवून गेला त्या यादीत मी:
वेंडेल ग्रुश्का, वय चोपन्न, भट्टी नंबर दोन.

मिसेस टिबेट्स तीन कॉलेजांत शिकवतात.
त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर राउटर बसतात,
पट्टा बांधून, पोरांसारखे.
पहिल्या दिवशी म्हणाल्या, पिंग म्हणजे हाक. एवढंच.
तुम्ही हाक मारायची, पलीकडच्याने ओ द्यायची.
यंत्र चार हाका मारतं आणि थांबतं.
'माणसापेक्षा शहाणं,' कुणीतरी म्हणालं.
बहुधा मीच.

आज केबल करायची होती.
आठ तारा, जोडीजोडीने पीळ घातलेल्या;
पीळ सोडवा, सरळ करा, रंगांच्या क्रमाने लावा,
प्लग, पक्कड, कट्ट.
मी अंदाजाने लावल्या,
आयुष्यभर लावत आलो तशाच.
हाक मारली.
उत्तर नाही.
उत्तर नाही.
उत्तर नाही.
चौथ्यांदाही.

'आधी स्वतःला हाक मारा,' मिसेस टिबेट्स म्हणाल्या,
'एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
हा पत्ता प्रत्येकाचा सारखाच.'
मारली. चारही वेळा ओ आली, हाक संपायच्या आत.
म्हणजे मी आहे.
बिघाड माझ्या आणि जगाच्या मधे,
या हातभर केबलमध्ये.

शेजारी होदान बसते. वय एकोणीस,
पहाटे चारपासून गोदामात खोकी उचलून येते,
आणि तरी जांभई माझ्याआधी कधी देत नाही.
तिने प्लग दिव्यासमोर धरला.
'हिरवीच्या जागी तपकिरी आहे.'
हो का, मी म्हणालो.
'मिस्टर ग्रुश्का, तुम्हाला दिसत नाही का?'

सव्वीस वर्षं हे कुणी विचारलं नव्हतं.
भट्टीला रंग लागत नाही, उजेड लागतो,
आणि उजेड मी झोपेतही वाचला असता.
भरतीच्या वेळी डॉक्टरकडे ठिपक्यांचं पुस्तक होतं.
लेलंड, माझा भाऊ, रांगेत माझ्यापुढे;
बाहेर येता येता खोकल्याच्या आडून त्याने आकडे सांगितले:
चौऱ्याहत्तर, सहा, पंचेचाळीस.
तेवढ्या भांडवलावर मी घर बांधलं.

'नाही दिसत,' मी म्हणालो.
तिने स्टूल जवळ ओढलं.
ती रंग बोलत गेली, मी लावत गेलो:
पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा, अहो तो नाही, पलीकडचा, हां,
पांढरा-तपकिरी, आणि उरला तो.
पक्कड मात्र मी दाबली. तिची बोटं
दिवसभराच्या खोक्यांनी आधीच सुजली होती.

ओ आली. एक मिलिसेकंद, एक, दोन, एक.
दोन का, ते मी विचारलं नाही.
कुठेतरी कुणीतरी क्षणभर थबकलं असेल.

मग तिने माझ्या राहिलेल्या तारांच्या टोकांवर
बॉलपेनने ठिपके काढले,
हिरव्याला एक, तपकिरीला दोन.
हे ठिपके मला वाचता आले.

शेवटची बस नऊ पन्नासची.
थांब्यावर वारा होता, समोर कारखान्याचं रिकामं पार्किंग,
दिवे अजून कुणाच्या तरी बिलावर जळत.
आईचं घर विकल्यापासून लेलंड टेनेसीत आहे,
पाच वर्षं, दोघांनीही एकमेकांचा नंबर पुसलेला नाही.
लावला.
एक. दोन. तीन.
चौथ्या वाजण्यानंतर त्याच्या बायकोचा आवाज,
निरोप ठेवा म्हणणारा.

'चौऱ्याहत्तर,' मी म्हणालो,
आणि बस आली.