पाणी असेल तेव्हा

उपग्रह कॅलिफोर्नियातून सुटला तेव्हा
ग्रोनिंगेनमध्ये आम्ही केक मागवून ठेवला होता.
कापायच्या आत फोन वाजला :
गोल वाट मागितली होती,
मिळाली लांबोडकी.
एक टोक पृथ्वीला खेटून, दुसरं
किरणोत्साराच्या पट्ट्यात,
जिथं मोजणीयंत्रं बहिरी होतात.

सोमवारी रूलोफनं केक कबुतरांना घातला.

तीन वर्षं मी जो प्रोग्रॅम लिहीत होते
तो गोल वाटेचा होता.

माझे बाबा झाउटकाम्पचे, कोळंबी धरणारे.
पाच वर्षांमागं सरकारनं बांध घातला
आणि त्यांच्या दारातला समुद्र गोडा झाला.
होडी आता परक्या बंदरात.
रविवारी गेले तर जाळं सांधत बसलेले.
मी कागदी पट्टी उलगडली.
भोकांवरून अंगठा फिरवत म्हणाले,
तुमचं जाळं फारच बारीक गं, फ्राउके.
मग कक्षेचं चित्र. चष्मा कपाळावर.
"ही तर भरती-ओहोटी.
पाणी असेल तेव्हा जायचं,
नसेल तेव्हा चिखलात टेकून तंबाखू ओढायची.
यात रडण्यासारखं काय?"

मी रडत नव्हते. सर्दी झाली होती.

पंधरा रात्री वेळापत्रक नव्यानं लिहिलं :
लांब गेलास की डोळे मीट,
खाली उतरलास की उघड,
दिवसातून दोनदा आमच्या माथ्यावरून जाशील
तेव्हा साठवलेलं ओक, नवं गिळ.

आणि ते येऊ लागलं.
आपल्या हवेनं उंबऱ्याबाहेरच ठेवलेलं ऊन,
जांभळ्याच्याही पल्याडचं,
हाडांच्या फोटोतलं,
आकड्यांच्या रकान्यांतून, शाईचा वास घेऊन.

जानेवारीत एका पहाटे :
चार. पाच. चार. तीन.
नव्वद.
साठ. बावीस. चार.
रूलोफ म्हणाला, वायर सैल असेल.
मीही समासात पेन्सिलीनं लिहिलं : बिघाड?
त्यातलं प्रश्नचिन्ह तेवढं बरोबर निघालं,
तेही पुढच्या वर्षी.

बाबांनी फोनवर विचारलं, काय गावलं?
म्हटलं, कुणीतरी तिथं दहा सेकंद पेटलं
आणि विझलं.
कधी?
वीस-पंचवीस हजार वर्षं झाली असतील.
ते गप्प. मागं वारा, कुठंतरी साखळी आपटत होती.
मग म्हणाले,
ठेवतो गं, पाणी चढतंय.