टी काढल्यावर

होनगेकर सर फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात:
एक्स बरोबर टीचा वर्ग,
वाय बरोबर टीचा चौथा घात.
मागच्या बाकावरच्या बसवराजलाही कळावं म्हणून
दोनदा सांगतात: टी काढ. टी तगी.
कणाला आता वेळ विचारायची नाही,
वाट विचारायची.

वाट निघते, वाय बरोबर एक्सचा वर्ग.
इतकी सोपी, की मला शंका येते.

पप्पांची रात्रपाळी उद्यमबागेत, फाउंड्रीत.
सकाळी सहा-चाळीसला सायकल पिरनवाडीत दाराला टेकते,
सात-पाचला तीच घेऊन मी टिळकवाडीला निघते.
हँडलच्या रबरात काळी वाळू असते,
ती तळव्यांना लागते, तळव्यांची वहीला.
तिसऱ्या गेटजवळचा खड्डा ते ज्या बाजूनं चुकवतात
त्याच बाजूनं मी,
चाकालाच सवय झाल्यासारखी.
रस्ता एक, सायकल एक,
टी तेवढा वेगळा.
मधली पंचवीस मिनिटं आमची,
त्यातली वीस ते न्हाणीत.

टी काढला की मात्र
एकाच ठिपक्यावर आम्ही दोघं,
गेट पडलेलं, लोंढ्याकडची मालगाडी सरता सरत नाही,
आणि ते विचारतात, डबा घेतलीस काय गं?
समीकरणाला हे चालतं.

वही परत आली तर अर्धा मार्क कापलेला.
लाल पेनानं: एक्स शून्याहून कमी कधी होतो?
खरंच की. वर्ग आहे तो.
मी अख्खी वाटी काढून बसले होते, दोन्ही काठांची.
कण सगळा वेळ उजव्याच काठावर,
वरनं खाली येऊन, शून्याला टेकून,
त्याच काठानं परत वर.
डावा काठ समीकरणानं दिलेला,
कणानं पाहिलेलासुद्धा नाही.

पिरनवाडी ते उद्यमबाग. उद्यमबाग ते पिरनवाडी.
एकवीस वर्षं.
डावीकडं जांबोटीचा रस्ता फुटतो,
चोर्ल्याच्या पलीकडं वास्को,
तिथल्या गोदीतनं एकदा पत्र आलं होतं नोकरीचं,
असं आई म्हणते.
पप्पा काही म्हणत नाहीत.

खोडरबरानं मी डावी बाजू पुसते.
पुरी जात नाही,
पेन्सिल दाबून लिहायची माझी खोड.
कागदावर एक पुसट वळण राहतं,
आणि रबर फिरेल तिकडं पसरत जाणारी
थोडी काळी वाळू.