कलम

ग्रोनिंगेन, रुग्णालयाचा तिसरा मजला.
मंगळवारची बैठक, थर्मासातली कोमट कॉफी.
सात जणांच्या समितीत मी एकटा बिनशिकलेला,
नियमच आहे तसा: एक माणूस साधा हवा.
एकतीस वर्षं मी कालव्याचे दरवाजे उघडले, मिटले.

समोर फोटो. एक डावा कान.
खरा खाली तळघरात आहे, सदतीस अंशांवर,
गुलाबी पाण्यात.
यंत्राने सोळा तास थरावर थर चढवले,
शाईत फेन्ना डायकेमाच्या पेशी.

वकीलबाई विचारतात:
हे औषध, उपकरण, की अवयव?
औषधाची खिडकी वेगळी, उपकरणाची वेगळी,
आणि अवयव तर विकायचाच नसतो.
खिडक्यांमागचे सगळे कानावर हात ठेवून बसलेत.
कंपनीचा माणूस मधाळ हसतो,
त्याला कानाडोळाही चालेल.

मग कलम नऊ.
‘देणगीदारास संमती केव्हाही मागे घेता येईल.’
माना डोलतात. पान उलटणार,
एवढ्यात मी विचारतो, केव्हाही म्हणजे केव्हापर्यंत?

कारण फायलीत फेन्नाचं पत्र आहे,
हाताने लिहिलेलं, एक ओळ खोडलेली:
‘माझ्या पेशींवर तुम्ही पेटंट मागताय असं कळलं.
मी एका मुलाला कान दिला होता.
कारखान्याला बियाणं दिलं नव्हतं.
माझं मला परत द्या.’

पहिला कान मार्चमध्येच वीबेला बसवला.
वय नऊ. जन्मतः ती बाजू सपाट.
आता त्याचा चष्मा सरळ बसतो.
त्याची आई म्हणाली, परवा त्याने त्या कानामागे
पेन्सिल खोचली, सुतारासारखी.

परत द्या म्हणजे कुठून?

दोन दरवाजांच्या मधे आलेली बोट वळवता येत नाही,
हे मला माहीत आहे.
पण आत घेण्याआधी मी प्रत्येक नावाड्याला विचारायचो,
कुठवर जायचंय?
फेन्नाला हे कोणी विचारलं होतं?

माझ्या बापाने एकदा नासपतीचं कलम बांधलं,
फांदी शेजारच्या खेर्ट्येबाईंच्या झाडाची.
चौथ्या वर्षी फळ धरलं.
पहिली टोपली त्याने कुंपणावरून तिकडे दिली.
कागद नव्हता, सही नव्हती.
पुढे बाई वारल्या, तरी टोपली जायची,
त्यांच्या सुनेकडे,
जिला नासपती मुळीच आवडत नसत.

हे मी सांगितलं. जरा लांबलंच.
अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

इतिवृत्तात एवढंच आलं:
‘साध्या सभासदाने फळांचा उल्लेख केला.’
कलम नऊ पुढच्या बैठकीत.
तळघरातला कान शुक्रवारपर्यंत टिकेल म्हणतात,
लेउवार्डनमध्ये एक मुलगी त्याची वाट पाहतेय.

फेन्नाला काय कळवायचं
ते ठरलं नाही.
पाकिटावर पत्ता मात्र लिहून झालाय,
माझ्याच अक्षरात.