इनासची फेरी

ताळगावच्या पठारावर, तळघरातल्या खोलीत,
रात्री पावणेदोन.
नखावर चाळीस मावतील एवढ्या
सिलिकॉनच्या कड्या,
त्यातली सतरावी माझी.

तिच्यात उजेड फिरत राहतो.
थोडा असला की निमूट जातो,
दाटला की जायची वाटच वाकवतो.
इथे दोन नि दोन चार होत नाहीत,
कधी साडेतीन,
कधी एकदम अकरा.

बाहेरून येणारी खूण मात्र अगदी क्षीण:
शेजारी बांबोळीच्या इस्पितळात
पडद्याआड कुणी कूस बदलावी, तेवढी.
उंबरठ्यापर्यंत येते,
पाऊल उचलते,
पलीकडे टाकत नाही.

तीन वर्षं मी फक्त गोंगाट काढत आलेय.
टेबलाखाली रबर, रबराखाली वाळू
(मिरामारची नको, सर म्हणाले, मीठ असतं),
एसी बंद, पंखा बंद, चपला दाराबाहेर,
श्वासदेखील बेताने.
पडद्यावर रेघ सपाट.
भरती संपून ओहोटी लागायच्या आधी
खाजणात पाणी थबकतं, तशी.

मग इनास आला, रात्रपाळीचा.
डावा गुडघा धरलेला, म्हणून पाय ओढत,
कमरेला किल्ल्यांचा झुबका,
लोखंडी जिन्यावर बूट.
मी ओरडणारच होते.

रेघ हलली.
उठली, पडली, परत उठली,
त्याच्या पावलांच्या नव्हे,
माझ्या खुणेच्या तालावर.

इनास लांब गेला. रेघ निजली.

दार उघडून म्हटलं,
इनासबाब, अजून एकदा वर-खाली कराल?
"कितें सांडलें, बाय?"
नाही हो. सापडलंय.

अकरा वेळा चढला-उतरला बिचारा.
अगदी हळू चालला तर काही नाही.
मी सांगितलं म्हणून दोनदा धावला,
तर पडद्यावर नुसतं गवत.
मधेच कुठेतरी,
त्याचा गुडघा त्याला जेवढं चालू देतो
बरोबर तेवढ्यावर,
खूण उंबरठा ओलांडत होती.

आता तो पायरीवर बसून
गुडघा चोळतोय.
मी वही उघडलीय.
रकाना: बाहेरून दिलेला गोंगाट, किती.
एकक काय लिहू?
लिहिलं: इनास, एक.

मग खोडलं. सर वाचतील.
खोडलेल्यातून अजून
वाचता येतं.